उंबरठ्यावरची मंडळी

इजिप्तच्या फायूम भागातला पपायरसचा एक तुकडा १८९३ साली प्रसिद्ध झाला. एका म्हाताऱ्याने सरकारी समितीकडे केलेला तो अर्ज आहे. अर्जदार ऑरेलियस डायोजिनिस, सतबूसचा मुलगा, राहणार ‘अलेक्झांडरचं बेट’ नावाच्या गावी, वय ७२. ओळख पटावी म्हणून अंगावरची खूणही दिली आहे : उजव्या भुवईवर व्रण. तो सांगतो की आपण देवांना आजवर नेहमीच बळी देत आलो आहोत, आणि आताही हुकुमाप्रमाणे अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बळी दिला, अर्घ्य ओतलं, प्रसादाचं मांस चाखलं. तरी तसा दाखला मिळावा. कागदावरची तारीख आपल्या हिशेबाने २६ जून २५०.

असे चाळीसहून जास्त दाखले वाळूने जपून ठेवले आहेत. बहुतेक एकट्या थिआडेल्फिया गावातले, आणि सगळे महिनाभराच्या आतबाहेरचे. एक तर मगरदेवतेच्या पुजारिणीचा आहे. जिचा जन्म देवळात गेला, तिलाही आपण देव मानतो हे लिहून द्यावं लागलं! हुकूम किती सरसकट होता ते यावरून दिसतं.

हा हुकूम रोमन सम्राट डेशियसचा. तो का निघाला, हे त्या काळाकडे पाहिलं की उमगतं. २१२ साली कॅरॅकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमचे नागरिक करून टाकलं होतं. २४८ साली रोम नगरीच्या स्थापनेला हजार वर्षं झाल्याचा मोठा उत्सव झाला, पण सणाचे दिवे विझतात न विझतात तोच डॅन्यूब नदीवर गॉथ टोळ्या धडकू लागल्या आणि सेनापती एकमेकांवर उठले. २४९ मध्ये डेशियसने आधीच्या सम्राटाला लढाईत हरवून गादी मिळवली. देव कोपले आहेत, अशी त्याची आणि त्याच्यासारख्या पुष्कळ जुन्या वळणाच्या माणसांची प्रामाणिक समजूत होती. उपाय सरळ होता : साऱ्या प्रजेने एकदिलाने देवांना बळी द्यावा. बहुतेकांना यात वावगं काहीच वाटलं नसेल. पण देव एकच आणि त्याच्याखेरीज कुणापुढे हात जोडायचे नाहीत, असं मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या गळ्याशी तो हुकूम आला. चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला की सुटका, नाही टाकला तर तुरुंग, छळ, जप्ती, हद्दपारी, कधी मरण.

ख्रिस्ती मंडळी त्यासाठी तयार नव्हती. कित्येक वर्षं फारसा त्रास झाला नव्हता. मंडळी वाढली होती, व्यापारउदीम, शेतीवाडी, सोयरीक सगळं बस्तान बसलं होतं. २० जानेवारी २५० रोजी रोमचा बिशप फेबियन मारला गेला. अंत्युखियाचा आणि यरुशलेमचा बिशप तुरुंगात मेले. आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये, आजच्या ट्युनिसजवळ, लोक नुसते शरण गेले नाहीत, रांगा लावून गेले. तिथला बिशप सिप्रियन पुढे या दिवसांबद्दल लिहितो, ते वाचताना आजही मान खाली जाते. माणसं आपणहून देवळाच्या टेकडीकडे धावत होती. संध्याकाळ झाली, आता उद्या या, असं अधिकारी सांगू लागले तर आजच आमचं उरकून घ्या म्हणून विनवत होती. आईबाप कडेवरची लेकरं घेऊन गेले. एका तान्ह्या मुलीला तिच्या दाईने नेलं. तिला मांस चावता येईना, म्हणून बळीच्या वेळचा द्राक्षारसात भिजवलेला पाव भरवला.

सगळ्यांचं पडणं एकाच जातीचं नव्हतं. कुणी खरोखर बळी दिला, कुणी नुसता धूप जाळला. कुणी अधिकाऱ्याला चिरीमिरी देऊन, काहीही न करता, केल्याचा दाखला घरी नेला. यांच्यापैकी काहींना तर आपण चूक केली असंच वाटत नव्हतं. बळी देणं पाप आहे असं आम्हाला शिकवलं होतं, तो आम्ही दिला नाही, पैसे दिले, असं त्यांचं म्हणणं. बोना नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याने तिला फरफटत नेलं आणि हात धरून तिच्याकडून बळी देववला. हे मी केलेलं नाही, तुम्ही केलंत, असं ती ओरडत राहिली आणि हद्दपार झाली.

या सगळ्यांना लॅटिनमध्ये ‘लाप्सी’ म्हणू लागले, घसरून पडलेले. मराठीत त्याला ‘पतित’ हा शब्द जसा चपखल बसतो तसा दुसरा बसणार नाही.

आता या पतितांचं काय करायचं? वादळ ओसरायच्या आतच ते परत येऊ लागले होते. रडत, लाजत, काही तर हक्काने. त्यांचा प्रश्न अवघड का झाला, ते आजच्या सवयीने पाहिलं तर लक्षात येत नाही. आज गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते पापनिवेदन उपवासकाळात रांगेत उभं राहून करता येतं, पडद्याआड, हळू आवाजात, पुढच्या वर्षी पुन्हा करता येतं. तिसऱ्या शतकात असं काही नव्हतं. बाप्तिस्मा हीच मोठी धुलाई. त्यानंतर व्यभिचार, खून किंवा देवद्रोह यांतलं काही घडलं तर फार तर एकदाच, सगळ्या गावादेखत प्रायश्चित्त : अंगावर गोणपाट, डोक्यात राख, उपास, आणि धर्मगुरूंच्या पायाशी, येणाऱ्याजाणाऱ्या बंधुभगिनींच्या गुडघ्यांशी लोळण. कार्थेजच्याच तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने हे बारकाईने लिहून ठेवलं आहे. उतारवयात तो इतका कडक झाला की असल्या पापांना मंडळीने क्षमा द्यायचीच नाही, ती देवावर सोडावी, अशा मताला आला. सिप्रियन त्याला गुरू मानायचा. रोज त्याचं पुस्तक मागवताना नुसतं ‘गुरूंना’ आणा, असं म्हणायचा, ही आठवण पुढे जेरोम या धर्मपंडिताने नोंदवली आहे. त्यात शेकड्यांनी, हजारांनी देवद्रोह एकदम! नियम एखाददुसऱ्यासाठी केलेले असतात, अर्ध्या गावासाठी नव्हेत.

आणि ज्याने निकाल द्यायचा तो सिप्रियन स्वतःच लपलेला होता.

हे पुढच्या साऱ्या कथेचं मर्म आहे असं मला वाटतं. तो श्रीमंत, नावाजलेला वक्तृत्वाचा शिक्षक होता. ख्रिस्ती होऊन पुरती काही वर्षं झाली नाहीत तोच बिशप झाला, आणि पाच जुन्या धर्मगुरूंच्या ते पोटात खुपत होतं. छळ सुरू होताच जमाव त्याला सिंहापुढे टाका म्हणून ओरडू लागला. तो शहराबाहेर निघून गेला आणि वर्षभर लपून पत्रांनी कारभार करत राहिला. मी धरला गेलो असतो तर मंडळीवर आणखी संकट आलं असतं, हे त्याचं कारण. खोटं नव्हतं ते. पण रोमहून कार्थेजच्या धर्मगुरूंना एक पत्र आलं. लांडगा आला की कळप टाकून पळणाऱ्या मेंढपाळाचा त्यात सूचक उल्लेख होता आणि खाली सही नव्हती. सिप्रियनने ते पत्र रोमला परत धाडलं. हे खरंच तुमचं आहे का, तपासून सांगा, असं विचारलं. त्या वाक्यामागचा घाव अजून कळतो. पळून गेलेल्या माणसाने पडलेल्या माणसांना कुठल्या तोंडाने शिस्त शिकवायची?

शिवाय दुसरीकडे तुरुंगात खरे वीर बसले होते. ज्यांनी छळ सोसला पण ख्रिस्ताला नाकारलं नाही, त्या साक्षीदारांच्या शब्दाला मंडळीत मोठा मान होता. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस देवाजवळ आपल्यासाठी रदबदली करील, या आशेने पतित तुरुंगाच्या दाराशी जमू लागले, आणि साक्षीदार त्यांना चिठ्ठ्या देऊ लागले. अमक्याला पुन्हा मंडळीत घ्या. हळूहळू अमक्याला ‘घरच्यांसह’ घ्या असं लिहिलं जाऊ लागलं. घरचे म्हणजे कोण, वीस की तीस? सिप्रियनने कळवळून विचारलं आहे.

या चिठ्ठ्यांच्या मागे किती दुःख होतं, ते एका पत्रव्यवहारातून दिसतं. सेलेरिनस नावाचा तरुण रोममध्ये तुरुंगवास भोगून सुटला होता. त्याच्या जवळच्या दोघी भगिनी पडल्या होत्या. एकीने तर देवळाच्या वाटेवरून मागे फिरून, पैसे चारून सुटका करून घेतली होती. सबंध ईस्टरचा आनंदकाळ त्याने गोणपाट नेसून रडत काढला. आणि कार्थेजच्या तुरुंगात असलेल्या ल्युशियनला लिहिलं की त्या दोघी स्वस्थ बसलेल्या नाहीत. आफ्रिकेहून हद्दपार होऊन आलेल्या बंधूंना घ्यायला त्या बंदरावर जातात, ६५ जणांची त्यांनी आजवर सेवा केली आहे. त्यांना क्षमा मिळवून दे. ल्युशियन उत्तर देतो ते भुकेने आणि तहानेने मारण्यासाठी कोंडलेल्या कोठडीतून. आधी गेलेल्यांची नावं मोजतो आणि सांगतो की पॉलस मरायच्या आधी मला बोलला, माझ्या पश्चात जो कुणी शांती, म्हणजे मंडळीत परत घेण्याचा शब्द, मागेल त्याला ती माझ्या नावाने दे. ल्युशियन तसंच करत सुटला. शेवटी साऱ्या साक्षीदारांच्या वतीने त्याने सिप्रियनला कळवलं की आम्ही सगळ्याच पतितांना शांती दिली आहे, इतर बिशपांनाही सांगा.

ही माया होती, तिला नावं ठेवायला जीभ वळत नाही. पण याच तुरुंगात मॅपालिकस होता. तो एप्रिल २५० मध्ये छळाखाली मेला. त्याने सरसकट चिठ्ठ्या दिल्या नाहीत. फक्त आपल्या पडलेल्या आईसाठी आणि बहिणीसाठी शब्द टाकला. सिप्रियनला मॅपालिकस कळत होता, ल्युशियनची भीती वाटत होती. कारण चिठ्ठीत नाव असतं, माणसाचं काळीज नसतं. ती दाखवून लोक धर्मगुरूंच्या अंगावर जाऊ लागले. काही गावांत तर जमावाने प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतली पवित्र भाकर आणि प्याला, हिसकावून घेतल्यासारखं मिळवलं. जखम झाकली पण आत पू राहिला, अशा अर्थाची वैद्याची उपमा सिप्रियन पुन्हा पुन्हा वापरतो. तरीही उन्हाळ्याचे आजाराचे दिवस आले तेव्हा त्याने एक फट उघडली : ज्याच्याजवळ साक्षीदाराची चिठ्ठी आहे आणि जो मरणाच्या दारी आहे, त्याचं पापनिवेदन ऐकून कुठल्याही धर्मगुरूने, तो नसेल तर त्याच्या हाताखालच्या डीकननेही, डोक्यावर हात ठेवावा. बाकीच्यांनी थांबावं. रोमच्या धर्मगुरूंनीही त्याला साथ दिली. त्यांचं पत्र मोठं सुंदर आहे. पतितांनी दार ठोठवावं, पण फोडून आत येऊ नये, असा त्याचा भाव. ते पत्र ज्याने लिहिलं, त्याचं नाव नोवेशियन. ते लक्षात ठेवायला हवं.

२५१ च्या जूनमध्ये डेशियस गॉथांशी लढताना मेला. त्याआधीच, त्या वसंतात, छळ निवळला होता आणि सिप्रियन घरी परतला होता. ईस्टरनंतर आफ्रिकेतले बिशप कार्थेजला जमले. त्यांनी ना सगळ्यांना दार उघडलं, ना लावून घेतलं. त्यांनी एकेकाची गोष्ट ऐकायचं ठरवलं. ज्यांनी नुसता दाखला विकत घेतला होता, त्यांची चौकशी करून त्यांना परत घ्यावं. ज्यांनी बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त करत राहावं, आणि मरणसमयी त्यांना शांती द्यावी. तोवर मंडळी त्यांना सोडणार नाही, त्यांच्याबरोबर रडेल.

एका आफ्रिकन बिशपाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात सिप्रियन हे उलगडून सांगतो. हाक येताच उडी मारून बळी द्यायला गेलेला आणि खूप झगडून मग मोडलेला, हे दोघे एकाच मापाने कसे मोजायचे? एकाने बायकोमुलांना, नोकरांना ओढत नेलं. दुसरा सगळ्यांच्या वतीने एकटा गेला, घरच्यांना आणि कुळांना वाचवलं, आणि नंतर हद्दपार झालेल्यांना आपल्या घरी आसरा दिला. दोघे एकच का? पापाचं मोजमाप करताना त्या माणसाच्या आधीचं आणि नंतरचंही पाहायचं, हे आज आपल्याला साधं वाटतं. तेव्हा ते नवीन होतं. ज्याच्यावर पळपुटेपणाचा ठपका होता, त्याच्याच लेखणीतून ते आलं हे मला योगायोगाचं वाटत नाही.

रोममध्ये मात्र गाडी दुसऱ्या वाटेने गेली. मार्च २५१ मध्ये कॉर्नेलियस बिशप झाला. तो कार्थेजच्या बाजूचा, मवाळ. नोवेशियनला, त्या विद्वान, तपस्वी माणसाला डावललं गेलं होतं. त्याने इटलीतल्या तीन बिशपांकरवी स्वतःचा अभिषेक करवून घेतला. आणि दार ठोठवायला सांगणाऱ्या त्या माणसाने जाहीर केलं की देवद्रोह्यांसाठी मंडळीचं दार कधीच उघडणार नाही. पतितांनी रडावं, राख फासावी, देव क्षमा करील तर करील. मंडळीने करायची नाही. त्याच्या माणसांनी स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवून घेतलं. छळ सोसलेले काही साक्षीदारही आधी त्याच्याकडे गेले, हे समजण्यासारखं आहे. ज्यांनी अंगावर वळ घेतले त्यांना, शेजारी धूप जाळून आलेला माणूस बसलेला कसा चालेल? पुढे त्यांतले बरेचसे परतले. अभिषेक करणाऱ्या तिघांपैकी एक बिशपही रडत आपली चूक कबूल करत परत आला आणि साधा विश्वासी म्हणून मंडळीत बसला.

वाद अंत्युखियापर्यंत पोचला. तिथला बिशप फेबियस नोवेशियनकडे झुकतो आहे असं दिसल्यावर अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने त्याला पत्र लिहिलं. युक्तिवादाच्या ऐवजी त्यात एक हकिगत सांगितली आहे.

सरापियन नावाचा म्हातारा. आयुष्यभर चोख वागलेला, छळाच्या दिवसांत मात्र पडला. पुन्हा पुन्हा विनवण्या केल्या, कुणी लक्ष दिलं नाही. मग आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली, शुद्ध हरपली. चौथ्या दिवशी जरा शुद्धीवर आला तेव्हा लेकीच्या मुलाला जवळ बोलावून म्हणाला की मला किती अडकवून ठेवणार, लवकर मोकळं करा, धर्मगुरूंना बोलव. आणि पुन्हा वाचा बंद. मुलगा धावला. रात्र झाली होती, आणि धर्मगुरू स्वतः आजारी, उठवेना. पण मरणाऱ्याने मागितलं तर त्याला आशेनिशी जाऊ द्यावं, असा डायोनिशियसचा हुकूम होता. धर्मगुरूने त्या पोराच्या हातात प्रभुभोजनाचा लहानसा तुकडा ठेवला. भिजव आणि आजोबांच्या तोंडात घाल, असं सांगितलं. मुलगा दारात पोचायच्या आत म्हाताऱ्याला पुन्हा शुद्ध आली. ते येऊ शकले नाहीत ना, तुला सांगितलंय ते लवकर कर, असं तोच म्हणाला. मुलाने तुकडा भिजवून तोंडात घातला. म्हाताऱ्याने थोडासा गिळला आणि प्राण सोडला.

बिशपांच्या परिषदा, पत्रं, पंथभेद एका बाजूला, आणि रात्रीच्या अंधारात मुठीत भाकरीचा तुकडा जपत घराकडे पळणारं पोर दुसऱ्या बाजूला. डायोनिशियसला काय सांगायचं होतं ते फेबियसला कळलंच असेल.

कार्थेजमध्ये काळ थांबला नव्हता. साथीचा मोठा रोग आला. माणसं रस्त्यात पडू लागली, सिप्रियनने मंडळीला धर्माबाहेरच्या शेजाऱ्यांचीही शुश्रूषा करायला लावलं. नव्या सम्राटाच्या छळाची चाहूल लागली. त्याच सुमारास सहा बिशपांनी मिळून त्याला तीन माणसांविषयी विचारलं : नायनस, क्लेमेंशियानस, फ्लोरस. आधी त्यांनी स्थानिक अधिकाऱ्याचा मार आणि जमावाचा राग दोन्ही पचवले होते. मग प्रांताधिपतीपुढे लांबलेल्या छळात शरीर हरलं. त्याला आता तीन वर्षं झाली. तीन वर्षं ते उंबरठ्यावर रडत आहेत. त्यांना आत घ्यायचं का? सिप्रियनने लिहिलं की माझ्या मते तीन वर्षांचा शोक पुरेसा आहे, पण सगळे जमलो की ठरवू.

पहिल्या परिषदेला दोनेक वर्षं होत होती. ४२ बिशप जमले आणि त्यांनी नियम सैल केला : जे मंडळीला धरून राहिले आणि मनापासून पश्चात्ताप करत आहेत त्या सगळ्यांना आता परत घ्यायचं. त्यामागचा विचार मोठा माणुसकीचा होता. लढाई पुन्हा तोंडाशी आली आहे. ज्यांना आपण ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला कसा नाकारायचा? पडलेल्यांना निव्वळ दया म्हणून आत घेतलं नाही. त्यांच्यावर पुन्हा भरवसा टाकला.

सिप्रियनची पाळी २५८ साली आली. सम्राट व्हलेरियनच्या छळात त्याला आधी कुरुबिस इथे हद्दपार केलं होतं, आता परत आणलं. या वेळी तो लपला नाही. १४ सप्टेंबरला कार्थेजबाहेरच्या एका मळ्यात, गर्दीदेखत, त्याने झगा उतरवला आणि जल्लादाला २५ सोन्याची नाणी द्यायला सांगितली. लोकांनी रक्त टिपून घेण्यासाठी त्याच्यापुढे फडकी अंथरली.

नोवेशियनच्या ‘शुद्ध’ लोकांच्या मंडळ्या मात्र पुढे कित्येक शतकं टिकल्या. सचोटीने जगले ते, आणि पुढच्या छळांत मेलेही. ३२५ साली निकाया इथल्या मोठ्या परिषदेला त्यांचा बिशप असेसियस आला होता. तुम्ही वेगळे का राहता, असं सम्राट कॉन्स्टंटाइनने विचारल्यावर त्याने डेशियसच्या काळापासूनची गोष्ट सांगितली, असं सॉक्रेटिस हा इतिहासकार लिहितो. तेव्हा सम्राट त्याला म्हणाला की शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ.

परिषदेने मात्र चेष्टा केली नाही. तिच्या आठव्या नियमात ‘शुद्ध’ म्हणवणाऱ्यांच्या धर्मगुरूंसाठी दार उघडं ठेवलं आहे. त्यांनी यावं, त्यांचं धर्मगुरूपद तसंच राहील. त्यांनी फक्त लेखी द्यायचं की मंडळीची शिकवण मान्य आहे. आणि दुसरं लग्न केलेल्यांबरोबर, तसंच छळात पडून नंतर प्रायश्चित्त केलेल्यांबरोबर आम्ही प्रभुभोजनाला बसू.